दोन प्रणालींचा संगणक आणि हरवलेला बूट मेनू

१३ ऑगस्ट २०२४ रोजी विंडोजचे मासिक सुरक्षा अपडेट जगभर वितरित झाले. त्यानंतरच्या काही दिवसांत, एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली नांदवणाऱ्या अनेकांना एक विचित्र अनुभव आला. संगणक सुरू केला, लिनक्सकडे जाण्याचा प्रयत्न केला आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. एसबॅट नावाची कसलीशी तपासणी अयशस्वी झाली आहे, सुरक्षा धोरणाचा भंग झाला आहे आणि काहीतरी फार गंभीर बिघडले आहे, असा त्यांचा आशय होता. क्षणभराने संगणक आपोआप बंद पडत असे. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट अशा निरनिराळ्या लिनक्स वितरणांच्या वापरकर्त्यांनी ही तक्रार केली. विंडोज मात्र बिनतक्रार चालू होत होते.

संदेशाची भाषा घाबरवणारी होती. पण डिस्कवरील फायलींशी तिचा काहीही संबंध नव्हता. प्रबंधाची प्रकरणे, प्रयोगांची आकडेवारी, घरच्यांची छायाचित्रे, सारे जिथे होते तिथेच होते. बंद झाली होती ती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट. ज्याला हा भेद ठाऊक असतो तो वाट शोधतो. ज्याला ठाऊक नसतो तो बहुधा घरच पाडून नवे बांधायला निघतो. दोन प्रणालींच्या संगणकावर जे कायमचे नुकसान होते, त्यातले बरेचसे मूळ बिघाडाने होत नाही. घाईघाईने केलेल्या दुरुस्तीने होते.

हा प्रश्न बेंगळुरूसारख्या शहरात विशेष जिव्हाळ्याचा आहे. भारतीय विज्ञान संस्थेत २०१५ साली ‘सहस्रटी’ हा क्रे कंपनीचा महासंगणक आला आणि देशातील महासंगणन पेटाफ्लॉपच्या टप्प्यावर पोहोचले. २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानाअंतर्गत ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘परम प्रवेग’ तिथेच उभा राहिला. असे महासंगणक लिनक्सवर चालतात. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तिच्यातील झाडून सारे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहेत. त्यामुळे रेणूंचे अनुकरण करणारा, हवामानाची प्रतिमाने चालवणारा किंवा जनुकांच्या साखळ्या जुळवणारा विद्यार्थी पहिल्या वर्षीच लिनक्सकडे वळतो. जो प्रोग्राम उद्या महासंगणकावर पाठवायचा, तो आज आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहणे त्याला भाग असते.

दुसऱ्या बाजूला विंडोज सोडूनही चालत नाही. प्रयोगशाळेतील कित्येक उपकरणांबरोबर येणारे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते. कार्यालयाचे अर्जही वर्डच्या ठरावीक नमुन्यात भरून द्यावे लागतात. दोन लॅपटॉप घेण्याची ऐपत बहुतेकांना नसते. म्हणून एकाच डिस्कचे भाग पाडून दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी बसवल्या जातात आणि सुरू होताना एक छोटी यादी विचारते, आज कोणाकडे जायचे? ही यादी म्हणजेच बूट मेनू.

अशी एखादी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मिरजेहून बेंगळुरूला आलेली, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात असलेली. तीन वर्षांची आकडेवारी लिनक्सच्या भागात आहे. बॅकअप घ्यायचा राहून गेला आहे, तो सर्वांचाच राहतो तसा. वार्षिक आढावा दोन दिवसांवर आला असताना एका सकाळी लॅपटॉप सुरू होतो आणि मेनू न दाखवता थेट विंडोजमध्ये जातो. विंडोजच्या खिडकीतून पाहिले तर लिनक्सचा भाग दिसतही नाही. उलट त्या जागेवर क्लिक केले तर ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का?’ असा सभ्य प्रश्न येतो.

हा प्रश्न खोटा नाही, पण तो अज्ञानातून आलेला आहे. लिनक्स आपल्या फायली ज्या पद्धतीने मांडते ती विंडोजला मुळात वाचता येत नाही. न वाचता येणारी लिपी दिसली की विंडोज त्या पानाला कोरे समजते आणि त्यावर लिहिण्याची तयारी दाखवते. इथे ‘हो’ म्हणणे हा या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महागडा शब्द ठरू शकतो.

एस. पी. रोडवरच्या गल्ल्यांत संगणक दुरुस्तीची दुकाने ओळीने आहेत. तिथे निष्णात कारागीर आहेत, तसेच ‘फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा’ असे सांगणारेही आहेत. हा सल्ला केवळ दुकानात मिळतो असेही नाही. वसतिगृहात, नातेवाइकांत, सगळीकडे मिळतो. तिच्या सुदैवाने प्रयोगशाळेत सोलापूरचा एक वरिष्ठ आहे. त्याला ती दादा म्हणते. तो लॅपटॉपला हात लावण्याआधी विचारतो, “फॉरमॅट कशाला गं? आधी सांग, शेवटचं नीट काय चाललं होतं, आणि मधे काय बदललं?” ती आठवते, “काही नाही, दादा. रात्री विंडोजचं मोठं अपडेट झालं, एवढंच.” तो म्हणतो, “मग एवढंच शोधायचंय.”

त्याच्या पहिल्या प्रश्नात दुरुस्तीची सगळी रीत आहे. ती समजण्यासाठी बटण दाबल्यानंतरच्या काही सेकंदांत काय घडते, ते पाहायला हवे.

विजेचा पुरवठा सुरू होतो तेव्हा संगणकाची कार्यकारी स्मृती रिकामी असते. प्रोग्राम डिस्कवर असतो, पण डिस्कवरून तो उचलून आणायलाही एक प्रोग्रामच लागतो. हा पेच संगणकाच्या जन्मापासूनचा आहे. स्वतःच्या बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलणे, अशा अर्थाचा इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे; त्यावरून या क्रियेला ‘बूट’ होणे हे नाव पडले. उत्तर असे निघाले की अगदी छोटा, कायमचा कोरलेला एक प्रोग्राम यंत्रातच ठेवायचा. तो आपल्याहून थोड्या मोठ्याला जागा करतो, तो त्याहून मोठ्याला आणि अखेरीस पूर्ण प्रणाली जागी होते. अशी ही साखळी आहे. प्रत्येक कडीला फक्त पुढच्या कडीचा पत्ता माहीत असतो.

जुन्या पीसींमध्ये या साखळीची दुसरी कडी डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असे. १९८३ च्या सुमारास रूढ झालेली ही मांडणी फार चिंचोळी होती. ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार भागांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे त्या जागेत सुमारे १७० चिन्हे, मराठीची दोन-तीन वाक्ये मावतील. या इवल्याशा खुर्चीवर एका वेळी एकच जण बसू शकत असे. विंडोज नव्याने बसवले की ते तिथे आपला प्रोग्राम लिही आणि लिनक्सचा पुसला जाई. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा जुना नियम याच खुर्चीमुळे जन्माला आला.

आजच्या संगणकांत ही अडचण बरीच सुटली आहे. बायोसची जागा यूईएफआयने घेतली. तिची मानके ठरवणारे उद्योगसमूहांचे मंडळ २००५ साली स्थापन झाले. आता डिस्कवर एक लहानसा स्वतंत्र भाग असतो. त्यात प्रत्येक प्रणालीची आपापली फोल्डर असते आणि तिच्यात त्या प्रणालीला जागे करणारी फाइल. कोणत्या फाइलींचा विचार करायचा आणि कोणत्या क्रमाने, याची यादी मदरबोर्डवरील कायमस्वरूपी स्मृतीत नोंदलेली असते. खुर्ची एक राहिली नाही, बाकच आला. फक्त बाकावर पहिला कोण, एवढाच वाद उरला.

लिनक्सच्या बाजूने त्या बाकावर बहुधा ग्रब बसतो. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये तो लिहिला. त्याचे नाव भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गंमत वाटेल असे आहे. निसर्गातील बले एका सूत्रात गुंफू पाहणाऱ्या ‘ग्रँड युनिफाइड थिअरी’वर कोटी करून त्याला ‘ग्रँड युनिफाइड बूटलोडर’ म्हटले गेले. भौतिकशास्त्रज्ञांचे एकीकरण अजून पूर्ण व्हायचे आहे. ग्रबने मात्र परस्परांशी न बोलणाऱ्या प्रणाली एका यादीत आणून दाखवल्या.

आता त्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपकडे परतता येईल. मेनू न दिसता थेट विंडोज सुरू होणे याचा अर्थ यंत्र जागे झाले, डिस्क सापडली, विंडोजची फाइल सापडली. म्हणजे डिस्क शाबूत आहे. सर्वांत संभाव्य कारण एकच उरते. मोठ्या अपडेटनंतर विंडोजचा बूट मॅनेजर यादीत पहिला झाला आणि ग्रब मागे पडला. लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१२, एस्केप किंवा डिलीट, कंपनीनुसार जी कळ असेल ती दाबून फर्मवेअरच्या पडद्यात जायचे आणि उबुंटूची नोंद वर सरकवायची. दोन मिनिटांचे काम. ज्या डिस्कवर फॉरमॅटचे सावट होते, तिच्यावरचा एक बाइटही बदलावा लागत नाही.

सगळे बिघाड इतके सोपे नसतात, पण प्रत्येकाची जागा त्याच्या लक्षणावरून ओळखता येते. मेनू दिसतो, लिनक्स सुरू होते, पण यादीत विंडोजच नाही, असे झाले तर साखळी तुटलेली नाही. यादी अपुरी आहे. शेजारच्या प्रणाली शोधून यादीत घालणारा ग्रबचा छोटा शोधक सुरक्षेच्या कारणावरून २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या मांडणीच्या फाइलमध्ये तो चालू करून यादी पुन्हा तयार केली की विंडोज परत दिसते. अनेकांनी या कारणासाठी विंडोज नव्याने बसवले आहे, हे वाईट वाटण्यासारखे आहे.

पडद्यावर मेनूऐवजी ‘ग्रब रेस्क्यू’ असे शब्द आणि लुकलुकणारी खूण आली, तर ग्रबचा पहिला तुकडा जागा झाला आहे, पण आपले उरलेले सामान कुठे आहे, हे त्याला सापडत नाही. डिस्कचे भाग लहानमोठे केल्यावर, किंवा विंडोजमधून ‘रिकामी जागा’ समजून लिनक्सचा भाग उडवल्यावर हे घडते. भाग नुसता हलला असेल तर ग्रबलाच डिस्कच्या भागांची यादी विचारता येते आणि योग्य भाग दाखवून तात्पुरते पुढे जाता येते. भाग उडवला असेल, तर तिथून पुढे काहीही न लिहिणे हाच पहिला उपाय आहे. नोंद पुसली गेली तरी मजकूर लगेच पुसला जात नाही. त्यावर नवे लिहिले गेले की मात्र तो जातो.

साखळीतली मधली कडी तुटली की कामाला येतो तो लाइव्ह पेन ड्राइव्ह. त्यावर पूर्ण लिनक्स असते आणि डिस्कला हात न लावता ते संगणक चालवू शकते. तो सुरू होताच करण्याचे पहिले काम दुरुस्ती हे नाही. आपल्या फायली उघडून पाहणे आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे, हे आहे. एवढे झाले की भीती ओसरते आणि पुढचे निर्णय शांतपणे घेता येतात. नंतर ग्रब पुन्हा बसवायचा. इथे एक बारकावा अनेकांना अडकवतो. पेन ड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाला असेल, तर दुरुस्तीही जुन्या पद्धतीची होते आणि यूईएफआयच्या बाकावर काहीच बदलत नाही. ज्या पद्धतीने मूळ प्रणाली बसवली, त्याच पद्धतीने पेन ड्राइव्ह सुरू करावा लागतो.

या सर्वांत एक शिस्त पाळावी लागते, ती प्रयोगशाळेचीच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, वहीत लिहायचे. काही लॅपटॉपवर लिनक्स बसवताना डिस्कच दिसत नाही. मग कोणीतरी सांगते म्हणून फर्मवेअरमधली साठवणुकीची पद्धत बदलली जाते. लिनक्सला डिस्क दिसते, पण आता विंडोज निळा पडदा दाखवते. ज्याने केलेला बदल लिहून ठेवला आहे तो तो उलटवतो आणि विंडोज पुन्हा उभे राहते. ज्याने त्याच वेळी आणखी चार पर्याय हलवले आहेत, त्याला आता पाच अज्ञातांचे समीकरण सोडवावे लागते.

लक्षण नीट मोजले तर कारण आपोआप उघडे पडते, याचे एक छान उदाहरण खास भारतीय वापरकर्त्यांना भेटते. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आले की घड्याळ मागे पडलेले असते आणि ते नेमके साडेपाच तासांनी. मदरबोर्डवरची बॅटरी संपली असावी, असा पहिला तर्क होतो. पण संपत आलेली बॅटरी घड्याळाला बरोबर ५ तास ३० मिनिटेच का मागे टाकेल? हा आकडा ओळखीचा आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या एवढीच पुढे आहे. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते. विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचते. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. एका भिंतीवरच्या एका घड्याळाबद्दल त्यांचा करार झालेला नसतो. एका प्रणालीत एक सेटिंग बदलले की तो होतो. चुकीचा आकडा पाहून बॅटरी विकत आणणारा आणि आकड्याकडे पाहून हसणारा, यांच्यात फरक एवढाच की दुसऱ्याने चूक मोजली.

येथवरचे बिघाड वाट चुकल्याचे आहेत. ऑगस्ट २०२४ चा बिघाड वेगळ्या जातीचा होता. तिथे वाट होती, दारही होते. दारावरच्या पहारेकऱ्याने आत सोडायला नकार दिला होता.

हा पहारेकरी म्हणजे सिक्युअर बूट. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर तो सर्वसामान्य संगणकांवर आला. प्रणाली जागी होण्यापूर्वीच शिरकाव करणारा घातक प्रोग्राम फार धोक्याचा असतो. कारण त्यानंतर चालणारे विषाणूरोधक सॉफ्टवेअर त्याच्याच हातात असते. म्हणून साखळीतील प्रत्येक कडीवर विश्वासू संस्थेची डिजिटल स्वाक्षरी असावी आणि ती तपासूनच पुढे जावे, अशी ही व्यवस्था आहे. प्रश्न एवढाच की विश्वासू कोण, हे कोणी ठरवायचे? बाजारातील बहुतेक संगणकांच्या फर्मवेअरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीच भरलेल्या असतात. लिनक्सचे शेकडो प्रकार आणि त्यांचे सतत बदलणारे बूटलोडर, प्रत्येक वेळी स्वाक्षरी कोण आणणार? मॅथ्यू गॅरेट यांनी २०१२ मध्ये ‘शिम’ नावाचा एक छोटा मध्यस्थ तयार करून हा प्रश्न सोडवला. शिमवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असते. पुढे ग्रब आणि लिनक्सचा गाभा यांना शिम स्वतः, त्या त्या वितरणाच्या किल्लीने तपासतो.

जुलै २०२० मध्ये एक्लिप्सियम या संस्थेच्या संशोधकांनी ग्रबमधला एक दोष उघड केला. त्याला ‘बूटहोल’ हे नाव मिळाले. मांडणीची एक साधी मजकुराची फाइल विशिष्ट रीतीने बिघडवली, तर स्वाक्षरी असलेल्या ग्रबकडून हवे ते करून घेता येत असे. नवा ग्रब लगेच आला. पण जुन्या, सदोष ग्रबवरची स्वाक्षरी अजून वैध होती. हल्लेखोराला तोच जुना ग्रब सोबत आणता आला असता. म्हणून सदोष फाइलींची काळी यादी प्रत्येक संगणकात घालावी लागली. या एका प्रकरणाने ३ प्रमाणपत्रे आणि १५० फाइलींच्या खुणा त्या यादीत गेल्या आणि त्यांनी १० किलोबाइट जागा व्यापली. अशा यादीसाठी सामान्यतः मिळून ३२ किलोबाइट जागा असते. आणखी दोन-तीन दोष सापडले असते तर यादीच भरली असती.

एसबॅट हा त्यावरचा उपाय आहे. समजा, शाळेला एका पाठ्यपुस्तकाच्या चुकीच्या प्रती वर्गात नको आहेत. प्रत्येक प्रतीचा क्रमांक लिहून यादी करता येईल. किंवा ‘तिसऱ्या आवृत्तीच्या आधीचे पुस्तक आणू नये’ एवढीच सूचना फळ्यावर लिहिता येईल. एसबॅट दुसरा मार्ग घेतो. शिम, ग्रब अशा प्रत्येक घटकावर पिढीचा क्रमांक असतो आणि संगणकात किमान स्वीकार्य पिढी नोंदलेली असते. काही बाइटांत काम होते. कल्पना चांगली आहे आणि ती लिनक्सच्या लोकांनीच मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने घडवली आहे.

१३ ऑगस्ट २०२४ च्या अपडेटने हा किमान क्रमांक वाढवला. कारण होता २०२२ मध्ये जाहीर झालेला ग्रबमधलाच एक दोष. ज्यांच्या संगणकावर दोन प्रणाली आहेत त्यांना हे अपडेट लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. पण अशा संगणकांना ओळखण्याची युक्ती काही मांडण्यांत फसली. तिथे फळ्यावरची सूचना बदलली आणि हातातले पुस्तक जुने ठरले. शिम आधी स्वतःलाच तपासतो. म्हणून संदेशात आत्मतपासणी अयशस्वी झाल्याचा उल्लेख होता.

उपाय लवकरच पुढे आला. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करायचे, लिनक्समध्ये जाऊन नोंदलेले धोरण एका आज्ञेने पुसायचे, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि सिक्युअर बूट परत चालू करायचे. शिम आणि ग्रब अद्ययावत ठेवणे हा टिकाऊ भाग. मायक्रोसॉफ्टच्या बाजूची पूर्ण दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये आली.

मात्र या सोप्या उपायात एक खड्डा दडलेला आहे. आजकाल अनेक लॅपटॉपवर विंडोजचा भाग बिटलॉकरने कुलूपबंद असतो, बरेचदा मालकाला त्याची जाणीवही नसते. सुरू होण्याच्या साखळीत काही बदलले, अगदी सिक्युअर बूट बंद केले तरी, बिटलॉकरला शंका येते आणि तो ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागतो. ती नसेल तर विंडोजमधल्या फायली खरोखरच हरवू शकतात. लिनक्स वाचवायला गेलेल्या माणसाने विंडोज गमावावे, असा हा प्रकार होय. म्हणून फर्मवेअरमधली कोणतीही कळ हलवण्यापूर्वी ती किल्ली शोधून कागदावर उतरवून ठेवणे आवश्यक आहे. बहुधा ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते.

याच अपडेटच्या जेमतेम महिनाभर आधी, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलीने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होता होताच कोसळू लागले होते. भारतातही विमान कंपन्यांचे कामकाज विस्कळीत होऊन बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची वेळ आली. तिथला बिघाडही एका फाइलीचा होता, डिस्क शाबूत होती आणि दुरुस्तीसाठी माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन, अनेकदा तीच ४८ अंकी किल्ली घालून, ती फाइल काढावी लागली. दोन्ही घटनांत प्रणाली जागी होण्यापूर्वीच्या टप्प्यावर दुरून मदत पोहोचत नव्हती. तिथे फक्त यंत्रापुढे बसलेला माणूस आणि त्याला असलेली समज उपयोगी पडत होती.

म्हणून हा विषय छंदिष्टांपुरता राहत नाही. सिक्युअर बूटची मूळ प्रमाणपत्रे २०११ ची आहेत आणि त्यांची मुदत २०२६ मध्ये, काहींची जूनपासून, संपण्यास सुरुवात होते. त्यांची जागा २०२३ ची नवी प्रमाणपत्रे घेत आहेत. त्या तारखेला जुने संगणक अचानक बंद पडणार नाहीत, कारण फर्मवेअर सहसा स्वाक्षरीची मुदत तपासत नाही. परंतु पुढच्या शिमवरची स्वाक्षरी नव्या प्रमाणपत्राची असेल आणि ज्या यंत्रात ते पोहोचले नाही, ते यंत्र नव्या शिमला ओळखणार नाही. विंडोज चालू असलेल्या संगणकावर ही बदली अपडेटबरोबर होत जाते. जुन्या लॅपटॉपवर केवळ लिनक्स चालवणाऱ्यांनी आपल्या फर्मवेअरचे अपडेट स्वतः पाहावे लागेल.

सिक्युअर बूट कायमचे बंद करून टाकावे, असा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने कटकट थांबते, हे खरे. पण बूटहोलसारख्या दोषांपासूनचे संरक्षणही जाते. विश्वासाच्या किल्ल्या आज मुख्यतः एका कंपनीच्या हाती आहेत, ही लिनक्सच्या जगाची तक्रार रास्त आहे. बहुतेक फर्मवेअरमध्ये मालकाला स्वतःची किल्लीही नोंदवता येते, ही त्याच व्यवस्थेतील दुसरी बाजू आहे. पण ती सोय उपयोगी पडते ती साखळी समजलेल्या माणसालाच. ज्याला ती समजत नाही, त्याच्यासाठी निर्णय कोणी ना कोणी दुसराच घेतो. कधी कंपनी, कधी दुकानदार, कधी ‘हो’ आणि ‘नाही’ यांपैकी एक बटण दाबायला सांगणारी खिडकी.

सेमिस्टर सुरू होण्याआधी एक संध्याकाळ या कामासाठी द्यावी. एक लाइव्ह पेन ड्राइव्ह तयार करून तो आपल्या लॅपटॉपवर सुरू होतो, याची खात्री करावी. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून लॅपटॉपपासून वेगळी ठेवावी. फर्मवेअरच्या पडद्याची आणि डिस्कच्या भागांची फोनवर छायाचित्रे काढून ठेवावीत. काय बदलले हे नंतर त्यांवरूनच कळते. प्रबंध आणि आकडेवारी यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी आणि ती महिन्यातून एकदा उघडून पाहावी. मग कधी सकाळी मेनू दिसला नाही तर पहिला प्रश्न त्या सोलापूरच्या दादाचा विचारावा. शेवटचे नीट काय चालले होते, आणि मध्ये काय बदलले?